राज्यसभेतली खडाजंगी आणि कायद्यातला मजकूर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राज्यशास्त्राच्या वर्गाला राज्यसभेचं थेट कामकाज दाखवलं, तर दोन तासांत आरडाओरडा, टोमणे आणि तहकुबी यांपलीकडे मुलांच्या हाती काही लागलं नाही. पाठ्यपुस्तक मात्र या सभागृहाला ‘वरिष्ठ’ आणि ‘विचारी’ म्हणतं. मग धोरणावरची खरी चर्चा तिथे होते का, आणि होत असेल तर ती ओळखायची कशी?

मी बरीच वर्षं खासदारांच्या पाठीमागचं काम केलं आहे. प्रश्नांच्या नोटिसा लिहायच्या, विधेयकांवर टिपणं काढायची, सुधारणांचे मसुदे करून द्यायचे. कधी सत्ताधारी बाकांवरच्यांसाठी, कधी विरोधकांसाठी. तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो. चर्चा होते. पण ती भाषणांत शोधत बसलात तर दमाल. विधेयक सभागृहात आलं तेव्हा त्यात काय लिहिलं होतं आणि बाहेर पडलं तेव्हा काय लिहिलं होतं, एवढं शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर चर्चा झाली. आणि फरक केव्हा पडतो, याचा सभासदांच्या विद्वत्तेशी संबंध कमी आणि सरकारजवळ मतं किती कमी पडताहेत याच्याशी जास्त असतो.

आधी गोंधळाबद्दल, कारण मुलांना तोच दिसला. तो उत्स्फूर्त असतो असं समजू नका. सकाळी विरोधी पक्षांच्या फ्लोअर लीडर मंडळींची, म्हणजे सभागृहातल्या गटनेत्यांची, बैठक होते, तिथे दिवसाचा नूर ठरतो. मग नियम 267 खाली नोटिसा जातात: आजचं सगळं कामकाज बाजूला ठेवा आणि आमचा विषय घ्या. सभापती त्या बहुतेक वेळा फेटाळतात. फेटाळल्या की घोषणा, वेलमध्ये, म्हणजे सभापतींच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत, उतरणं आणि दुपारी 12 किंवा 2 पर्यंत तहकुबी. सत्ताधाऱ्यांचीही तयारी असते. विरोधी पक्षनेता बोलायला उभा राहिला की मागच्या बाकांवरून कोणी काय ओरडायचं हेही ठरलेलं असतं. तुम्ही पाहिलंत ते बव्हंशी घरच्या प्रेक्षकांसाठी होतं. त्या भाषणाची चाळीस सेकंदांची क्लिप संध्याकाळपर्यंत मतदारसंघात फिरते. राज्यसभेच्या खासदाराला थेट मतदारसंघ नसतो हे खरं, पण पक्षश्रेष्ठी असतातच की.

आणि हे कुठल्या एका पक्षाचं नाही. 2012 च्या पावसाळी अधिवेशनात कोळसा खाणवाटपावरून भाजपने कामकाज चालू दिलं नव्हतं. तेव्हा राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी, संसद रोखणं हेही काही प्रसंगी लोकशाहीतलं वैध हत्यार आहे, अशा अर्थाची बाजू मांडली होती. सरकार बदललं, बाकं बदलली, आणि काँग्रेसने तोच युक्तिवाद उचलला. जीएसटीवर तर दोघांनी अख्खी भूमिकाच अदलाबदल केली. मनमोहन सिंग सरकारच्या काळात भाजपची सत्ता असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश आडवे होते. 2015 मध्ये राज्यसभेत काँग्रेस आडवी आली.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना शिकवायला मी एकच प्रकरण निवडेन: 102 वी घटनादुरुस्ती. मराठा आरक्षणाच्या निकालापर्यंत जाणारी ही वाट आहे, आणि तिच्यातलं महत्त्वाचं सगळं राज्यसभेत घडलं.

एप्रिल 2017 मध्ये 123 वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं; हेच पुढे कायदा होऊन 102 वी दुरुस्ती ठरलं, कारण विधेयकाचा आणि दुरुस्तीचा क्रमांक वेगळा असतो. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देण्यासाठी 338ब हा अनुच्छेद, आणि मागास वर्गांची यादी राष्ट्रपती अधिसूचित करतील असं सांगणारा 342अ, हा त्याचा गाभा. लोकसभेत सरकारचं बहुमत भक्कम होतं. राज्यसभेत नव्हतं. तिथे विरोधकांनी विधेयक निवड समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, पाठवायला लावलं. 25 सदस्यांची समिती, अध्यक्ष भूपेंद्र यादव. विरोधकांच्या मनात एक शंका होती: यादी राष्ट्रपतींनी करायची, तर राज्यांच्या स्वतःच्या यादीचं काय? समितीने अहवालात लिहिलं की राज्यांच्या अधिकाराला धक्का लागत नाही, राज्य मागासवर्ग आयोगांचे अधिकार पूर्वीसारखेच राहतील. मजकूर मात्र तसाच ठेवला.

31 जुलै 2017 ला विधेयक सभागृहात आलं. दिग्विजय सिंह, बी. के. हरिप्रसाद आणि आपल्याकडचे हुसेन दलवाई यांनी आयोगाच्या रचनेवर सुधारणा मांडल्या: सदस्य पाच असावेत, त्यात एक महिला आणि एक अल्पसंख्याक समाजातला असावा, वगैरे. मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितलं. सत्ताधारी बाकांवर हजेरी पातळ होती आणि सुधारणा 74 विरुद्ध 52 मतांनी मंजूर झाल्या! सरकारची मोठीच नाचक्की. शेवटी ते कलम 3 वगळूनच विधेयक मंजूर करावं लागलं, म्हणजे आयोगाच्या विधेयकातून आयोगाचंच कलम गेलं. दुसऱ्या दिवशी चर्चा कसली? तर कोण खासदार गैरहजर होता आणि कोणाला तंबी मिळाली. पक्षीय बातमी धोरणाला कशी गिळते याचा हा नमुना. 342अ कडे त्या गदारोळात कोणाचंच लक्ष नव्हतं.

वर्षभराने, ऑगस्ट 2018 मध्ये, विधेयक दोन्ही सभागृहांतून नव्या रूपात पार पडलं. मंत्री थावरचंद गेहलोत यांनी राज्यांच्या अधिकाराबद्दल पुन्हा ग्वाही दिली. पण 342अ(1) मधले शब्द होते ‘या संविधानाच्या प्रयोजनार्थ’, ‘केंद्र सरकारच्या प्रयोजनार्थ’ नव्हे. त्यानंतर तीनएक महिन्यांत महाराष्ट्राने मराठा समाजाला 16 टक्के आरक्षण देणारा कायदा केला. उच्च न्यायालयाने तो टक्केवारी कमी करून टिकवला. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 ला तो रद्द केला. 50 टक्क्यांच्या मर्यादेवर पाचही न्यायमूर्ती एकमताचे होते. पण दुसरा प्रश्न होता 342अ चा, आणि त्यावर 3 विरुद्ध 2 असा निकाल आला. दोघा न्यायमूर्तींनी निवड समितीचा अहवाल आणि मंत्र्यांचं निवेदन यांना वजन दिलं. तिघांनी मजकूर वाचला आणि म्हटलं, मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार आता उरला नाही.

म्हणजे राज्यसभेत शंका निघाली होती. समितीत निघाली, सभागृहात निघाली, मंत्र्यांनी उत्तरही दिलं. चर्चा ‘झाली’. पण मजकूर हलला नाही, आणि म्हणून ती चर्चा कोर्टात बहुमताला पटली नाही. माझ्या धंद्यात नवख्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: मंत्र्याने आश्वासन दिलं की टाळी वाजवू नका, सुधारणा मागे घेऊ नका, शब्द विधेयकात येतोय का ते बघा.

या गोष्टीचा पुढचा भाग तुमच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी मजेचा आहे. हा निकाल दुरुस्त करायला सरकारने 127 वं घटनादुरुस्ती विधेयक आणलं, ऑगस्ट 2021 मध्ये. ते अधिवेशन पेगासस हेरगिरीचे आरोप आणि शेती कायदे यांवरून जवळजवळ वाहून गेलेलं. 10 ऑगस्टला राज्यसभेत सदस्य थेट मधल्या टेबलावर चढले. आणि 11 ऑगस्टला, त्याच सभागृहात, तेच सदस्य आपापल्या जागी बसून तासन्‌तास या विधेयकावर बोलले. 50 टक्क्यांची मर्यादा उठवा ही मागणी विरोधकांनी लावून धरली, ती मान्य झाली नाही. पण मतदान झालं 187 विरुद्ध 0. कोणत्याही पक्षाला मागास वर्गांच्या विरोधात दिसणं परवडणार नव्हतं. या वेळी 342अ(1) मध्ये ‘केंद्रीय यादी’ आणि ‘केंद्र सरकारच्या प्रयोजनार्थ’ हे शब्द नीट बसवले आणि राज्यांच्या यादीसाठी नवा खंड 3 घातला. जे 2018 मध्ये मंत्र्यांच्या तोंडी होतं, ते 2021 मध्ये कागदावर आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी सरकारी विमा कंपन्यांचं दुरुस्ती विधेयक आलं आणि सभागृह पुन्हा रणांगण. मार्शल उभे, कागद भिरकावलेले, विधेयक त्या गदारोळातच मंजूर. या प्रकाराबद्दल 29 नोव्हेंबरला, म्हणजे पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, 12 सदस्य निलंबित झाले. त्यांत शिवसेनेचे अनिल देसाई आणि प्रियंका चतुर्वेदी होते. आधीच्या अधिवेशनातल्या वर्तनासाठी पुढच्या अधिवेशनात निलंबन करता येतं का, हा वाद मग अधिवेशनभर चालला. माझं मत विचाराल तर नियम 256 ची भाषा त्या अधिवेशनापुरती आहे आणि ती तशीच वाचायला हवी होती. पण सभागृहाने ठराव केला की बाहेरून कोणी काही बोलत नाही.

तर एकाच दिवसाची ही दोन रूपं. मुलांना 11 ऑगस्ट 2021 चा फक्त संध्याकाळचा भाग दाखवलात तर त्यांना वाटेल हा बाजार आहे. फक्त दुपारचा दाखवलात तर वाटेल हे ऋषींचं सभागृह.

जीएसटीचं उदाहरण थोडं सुखाचं आहे. 122 वं घटनादुरुस्ती विधेयक मे 2015 मध्ये लोकसभेने मंजूर केलं. राज्यसभेत पुन्हा तीच अडचण: घटनादुरुस्तीला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि सरकारजवळ तेवढी मतं नाहीत. निवड समिती, मग वर्षभर बोलणी. काँग्रेसच्या तीन मागण्या होत्या: आंतरराज्य पुरवठ्यावरचा 1 टक्का जादा कर काढा, 18 टक्क्यांची कमाल मर्यादा घटनेतच लिहा, आणि तंटे सोडवायला स्वतंत्र यंत्रणा द्या. पहिली मान्य झाली. तिसरी वेगळ्या शब्दांत आली. दुसरी सरकारने मानली नाही, आणि बरं केलं. कराचा दर घटनेत लिहिणं म्हणजे प्रत्येक अर्थसंकल्पाला घटनादुरुस्ती करण्याची तयारी ठेवणं. राज्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मात्र बातम्यांत फारसा आलाच नाही. मूळ विधेयकात राज्यांना भरपाई देण्याची संसदेला केवळ मुभा होती, तीही ‘पाच वर्षांपर्यंत’. शेवटच्या मजकुरात भरपाई देणं बंधनकारक झालं आणि मुदत सरळ पाच वर्षं ठरली. 3 ऑगस्ट 2016 ला राज्यसभेत 203 विरुद्ध 0 असं मतदान झालं. अण्णाद्रमुक बाहेर पडला होता. महाराष्ट्रासारख्या राज्याला, जिथे मुंबईची जकात जाणार होती आणि पालिकांना भरपाई देण्यासाठी 2017 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, त्याला या बदलाची किंमत सांगायला नको.

सरकारला मतं हवी होती, म्हणून बोलणी झाली. लोकसभेत याच मुद्द्यांवर भाषणं झाली होती, चांगलीही झाली होती. पण ज्याचं बहुमत पक्कं आहे तो ऐकतो कशाला?

इथे सभात्यागाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण टीव्हीवर तो नुसता निषेध दिसतो. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. तुम्ही निषेध करून बाहेर पडलात की बहुमताचा आकडा खाली येतो. म्हणजे विरोधी भाषण करून सरकारला मदत करायची सोय! डिसेंबर 2012 मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर राज्यसभेत मतदान झालं. समाजवादी पक्ष धोरणाविरुद्ध बोलला आणि बाहेर पडला. बसप धोरणावर टीका करून सरकारच्या बाजूने उभा राहिला. विरोधकांचा ठराव 109 विरुद्ध 123 मतांनी पडला. 2019 मध्ये तोंडी तलाकचं विधेयक 99 विरुद्ध 84 ने मंजूर झालं, तेव्हा जदयू आणि अण्णाद्रमुक, दोघेही विधेयकाच्या विरोधात बोललेले, बाहेर होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. मुंबईत नुकतंच महाविकास आघाडीचं सरकार आलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. भाषणाचा सूर आणि मताची दिशा वेगळी दिसली की समजा, गणित दुसरीकडे कुठेतरी मांडलेलं आहे.

व्हिपचाही, म्हणजे पक्षादेशाचाही, विचार करा. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर जागा जाऊ शकते. 2003 पासून राज्यसभेची निवडणूकही खुल्या मतपत्रिकेने होते, आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं. तेव्हा ‘राज्यांचं सभागृह’ म्हणून राज्याच्या बाजूने पक्षाविरुद्ध मत देणं जवळपास अशक्य आहे. महाराष्ट्राच्या 19 जागा असल्या तरी ते 19 जण एक गट म्हणून मत देतात असं कधी होत नाही. एखाद्या प्रश्नावर एकत्र निवेदन देतील, मंत्र्यांना एकत्र भेटतील, इतकंच.

म्हणूनच एकट्याने मत देणारा माणूस मला नेहमी लक्षात राहतो. 8 मार्च 2010 ला महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत आलं. त्याच्या प्रती फाडल्या गेल्या, सभापतींच्या आसनापर्यंत धक्काबुक्की पोचली. दुसऱ्या दिवशी 7 सदस्य निलंबित झाले, मार्शलनी त्यांना उचलून बाहेर नेलं, मग शांतपणे चर्चा झाली आणि 186 विरुद्ध 1 मतांनी विधेयक मंजूर झालं. ते एक मत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं. स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच, त्यामुळे व्हिप कोण काढणार? त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता. चांदवडला 1986 मध्ये लाखाच्या वर शेतकरी स्त्रिया जमवणाऱ्या माणसावर तो आरोप कोणी केलाही नाही. त्यांचं म्हणणं राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होतं: पुढच्या वेळी हाच मतदारसंघ आपल्याला मिळणार नाही हे माहीत असेल तर निवडून आलेली बाई किंवा पुरुष तो मतदारसंघ कशाला सांभाळेल? हा अस्सल धोरणात्मक मुद्दा होता. प्रती फाडणाऱ्यांनी जेवढी जागा वर्तमानपत्रांत मिळवली तिच्या दहाव्या हिश्श्यानेही तो छापून आला नाही. विधेयक पुढे लोकसभेत पडून राहिलं आणि 2014 मध्ये संपलं. 2023 च्या नव्या कायद्यातही जागा फिरत्याच आहेत, म्हणजे जोशींच्या प्रश्नाला उत्तर अजून मिळालेलं नाही.

टोमणा उरतो आणि मुद्दा जातो, हे फार जुनं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1952 पासून अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य होते, मुंबई राज्यातून. सप्टेंबर 1953 मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना ते राज्यपालांना अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी विशेष अधिकार द्या असा आग्रह धरत होते. घटना तुम्हीच केली ना, असं समोरून ऐकवलं जात होतं. त्यावर चिडून ते म्हणाले की ती जाळायलाही मीच पहिला पुढे होईन. हे वाक्य आज कोणालाही पाठ आहे. दीड वर्षाने, मार्च 1955 मध्ये, डॉ. अनुप सिंह यांनी त्याची आठवण काढली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव येऊन बसण्याआधीच सैतानाने ते बळकावलं, तर देऊळ पाडण्याखेरीज काय करणार? हेही अधूनमधून उद्धृत होतं. पण लहान राज्यात एका बहुसंख्य जातीच्या हाती सगळी सत्ता गेली तर अस्पृश्यांना आणि छोट्या समाजांना दाद कुठे मागायची, हा त्यांचा मूळ प्रश्न फार थोड्यांना ठाऊक असतो. वर्गात ती दोन्ही भाषणं अख्खी वाचून घ्या. सभागृहाच्या नोंदीत आहेत.

आता जिथे चर्चा होतच नाही अशा जागा. पहिली म्हणजे धन विधेयक, केवळ कर आणि सरकारी पैसा यांबद्दलचं. लोकसभेच्या अध्यक्षांनी विधेयकाला धन विधेयक ठरवलं की राज्यसभेला ते 14 दिवसांत परत करावं लागतं. शिफारशी करता येतात, लोकसभा त्या फेटाळू शकते. मार्च 2016 मध्ये आधार विधेयकावर राज्यसभेने जयराम रमेश यांच्या सुधारणांसह पाच शिफारशी केल्या. लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधारला धन विधेयक मानलं, न्या. चंद्रचूड यांनी मात्र आपल्या भिन्नमत निकालात ही घटनेशी केलेली फसवणूक आहे असं म्हटलं. मला त्यांचं पटतं. राज्यसभेची गरज पडू नये म्हणून विधेयकावर वेगळं लेबल लावायचं, हा रस्ता कोणत्याही पक्षाच्या सरकारला मोहात पाडणारा आहे.

दुसरी जागा म्हणजे आवाजी मतदान, मतं न मोजता हो-नाहीच्या आवाजावरून दिलेला निर्णय. 20 सप्टेंबर 2020 ला शेतीची दोन विधेयकं राज्यसभेत आली. ती निवड समितीकडे पाठवा असे प्रस्ताव होते, त्यांवर मतविभाजन मागितलं गेलं. एका सदस्याने जरी मागितलं तरी मतविभाजन घ्यायचं, असा प्रघात आहे. उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं होतं की मागणाऱ्यांनी आपल्या जागेवर असायला हवं. गोंधळ, नियमपुस्तिका फाडण्याचा प्रयत्न, माइक ओढलेले, आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर. दुसऱ्या दिवशी 8 सदस्य निलंबित, त्यांत हिंगोलीचे राजीव सातवही. विरोधकांचं वर्तन वाईट होतं यात शंका नाही. पण सरकारने त्या दिवशी मोजून मत घेतलं असतं आणि समितीत दोन-तीन महिने घालवले असते, तर पंजाबच्या मंडी व्यवस्थेचं म्हणणं रस्त्यावर येण्याआधी एखाद्या अहवालात आलं असतं, असं मला अजून वाटतं. 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे मागे घेणारं विधेयक काही मिनिटांत, चर्चेशिवाय, दोन्ही सभागृहांतून गेलं. म्हणजे येताना मोजणी नाही, जाताना बोलणी नाही.

उलट बाजूचा इतिहासही सांगा, नाहीतर मुलांना वाटेल मोजलं की नेहमी बरंच होतं. 5 सप्टेंबर 1970 ला संस्थानिकांचे तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आलं. बाजूने 149, विरोधात 75. दोन तृतीयांश म्हणजे 149 पूर्णांक एक तृतीयांश. मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक पडलं. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, आणि निवडणूक जिंकून आल्यावर 1971 मध्ये 26 व्या दुरुस्तीने तनखे गेले. राज्यसभेने थांबवलं तर काय मिळालं? एक वर्ष, आणि एक निवडणूक ज्यात लोकांना मत देता आलं. कोणाला हा खोळंबा वाटेल, कोणाला सभागृहाचं कामच हे वाटेल.

प्रश्नोत्तराचा तास मी मुद्दाम शेवटी घेतोय. राज्यसभेत तो 2014 पासून दुपारी 12 ला असतो, सकाळचा 11 चा वेळ तातडीचे विषय मांडण्याच्या शून्य प्रहराला. एका दिवशी 15 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणारे, प्रश्न यादीत असतात, तोंडी उत्तरं चार-पाचांनाच मिळतात. पण उत्तरानंतर लगेच विचारले जाणारे पुरवणी प्रश्न बघा. मूळ उत्तर खात्याचे अधिकारी लिहून देतात. पुरवणीला मंत्री एकटा असतो, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येईपर्यंत. तिथे त्याला खातं कळतं की नाही ते अर्ध्या मिनिटात समजतं. आणि पक्षीय टोमणे इथे कमी, कारण सत्ताधारी खासदारालाही आपल्या जिल्ह्यातला रेल्वे पूल हवा असतो.

वर्गासाठी म्हणून एवढं करा. थेट प्रक्षेपण नको, ते तुकड्यातुकड्याने कळत नाही. एखादं विधेयक निवडा. लोकसभेत मंजूर झालेली प्रत, राज्यसभेतल्या सुधारणांची यादी आणि शेवटचा कायदा, तिन्ही संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. चर्चेचा शब्दशः वृत्तांतही मिळतो, अर्थात इंग्रजी-हिंदीत. सदस्यांना 2018 पासून आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत बोलता येतं, दुभाष्याची सोय आहे, पण आपले खासदार मराठीत बोलताना क्वचितच सापडतील. वृत्तांतात भाषणं सोडून सरळ शेवटच्या पानांवर जा, जिथे कलमवार मतदान असतं. सुधारणेची नोटीस आदल्या दिवशीपर्यंत दिलेली असते, त्यामुळे कोणी काय मागितलं ते छापील असतं. पीठासीन अधिकारी एकेकाचं नाव घेऊन विचारतात, सुधारणा मांडताय का? बहुतेक जण नाही म्हणतात. मंत्र्यांच्या उत्तराने समाधान झालं, असं म्हणून काही जण मागे घेतात. मुलांना तिथे थांबवा आणि विचारा: नेमकं कोणत्या वाक्याने समाधान झालं, आणि ते वाक्य कायद्यात कुठे आहे?